‘चांगली बाई’ कोणी ठरवायची?

मार्च महिना संपत आला की शाळाशाळांतून एक छापील नमुना फिरू लागतो. वर्षभरात आपण काय काम केलं आणि ते कसं झालं, याची माहिती शिक्षकाने स्वतः भरून द्यायची. त्यावर मुख्याध्यापक आणि वरचे अधिकारी आपला अभिप्राय लिहिणार. कुठे त्याला अजून गोपनीय अहवाल म्हणतात, कुठे आता कार्यमूल्यमापन म्हणू लागले आहेत. आमच्या एरंडोल तालुक्यात, आणि मला वाटतं सगळीकडेच, तो भरण्याची रीत ठरलेली आहे. एकीने भरायचा, बाकीच्यांनी तिचा समोर ठेवून उतरवायचा. ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली. वरिष्ठांच्या सूचनांचे पालन केले. सहकाऱ्यांशी संबंध सलोख्याचे आहेत.’ तीन वाक्यांत वर्ष संपलं!

पुरुष शिक्षकही हेच करतात. पण त्यांच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही, कारण त्यांच्या कामाची माहिती कागदाशिवायही वर पोचत असते. पंचायत समितीच्या आवारात, चहाच्या टपरीवर, संघटनेच्या बैठकीत, साहेबांच्या गाडीत. आपल्यापैकी बहुतेक जणींना शाळा सुटली की एस.टी. गाठायची असते. घरी पोचून कुकर लावायचा असतो, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, सासूबाईंचं औषध बघायचं असतं. टपरीवर थांबून ‘मी यंदा चौथीला काय केलं’ हे सांगायला आपल्याला ना वेळ असतो, ना ते आपल्याला शोभतं असं कोणाला वाटतं. म्हणजे आपल्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट उरते, तो कागद. आणि तोच आपण दुसरीचं बघून उतरवतो.

असं का होतं, याचा विचार करायला हवा. ‘मी केलं’ असं म्हणायची बाईला सवय नसते. घरात चाळीस माणसांचा स्वयंपाक केला तरी ती ‘झाला बाई एकदाचा’ असंच म्हणते, जसा काही तो आपोआप झाला! शाळेतही आपण तसंच लिहितो. ‘वाचन उपक्रम घेण्यात आला.’ कोणी घेतला? कोणासाठी घेतला? त्यातून काय झालं? वाक्यात बाई कुठेच नाही.

या अहवालांवर पुष्कळ काही अवलंबून असतं. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळण्याच्या वेळी ते काढले जातात. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या मुलींचं तर सगळं भवितव्यच त्यात असतं. ही योजना २००० साली आली. तीन वर्षं मानधनावर काम करायचं आणि ते समाधानकारक ठरलं तर कायम व्हायचं. २०२३ पासून प्राथमिकला हे मानधन महिना १६००० रुपये झालं. तीन वर्षं ‘समाधानकारक’ या एका शब्दाकडे डोळे लावून बसलेली पंचविशीतली मुलगी साहेबांपुढे किती बोलू शकेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि तो शब्द लिहिताना नेमकं काय पाहिलं जातं? अहवालांत ‘स्वभाव’ असतो, ‘सहकार्य’ असतं, ‘चारित्र्य’ असतं. पुरुषाच्या बाबतीत चारित्र्य म्हणजे पैशाचा व्यवहार चोख असणं. बाईच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ काय घेतला जातो ते आपल्याला ठाऊक आहे. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, कोणाच्या मोटरसायकलवर बसून स्टँडवर आलेली, मोठ्याने हसणारी, अशा सगळ्यांच्या डोक्यावर तो शब्द टांगलेला असतो. ‘सहकार्य’ म्हणजे साहेबांच्या भेटीच्या दिवशी रांगोळी काढणं, मुलींकडून स्वागतगीत बसवून घेणं, चहा-पोह्यांचं बघणं. ते केलं तर कोणी लिहून ठेवत नाही. नाही केलं तर मात्र ‘सहकार्याची भावना कमी’ असं लिहिलं जातं.

याहून अन्यायाची गोष्ट दुसरीच आहे. सातवीतल्या मुलीला वर्गातच पहिली पाळी आली. तिला सावरणं, तिच्या आईशी बोलणं आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत येईल हे पाहणं, हे सगळं बाईने केलं. शाळेतला कोणताही पुरुष ते करू शकला नसता. पण हे ‘काम’ धरलं जात नाही, तो बाईचा ‘स्वभाव’ धरला जातो. ‘बाई फार मायाळू आहेत.’ ज्या मायेमुळे मुलगी शाळेत टिकली ती माया कोणत्या रकान्यात लिहायची? मास्तरांनी केलं ते कर्तृत्व आणि बाईने केलं ते आईपण, अशी ही वाटणी आहे. शेजारच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. पुरुषाने मुलांवर माया केली तर आपला समाज त्याला गुरुजी म्हणून डोक्यावर घेतो, आणि ते योग्यच आहे. बाईने केली तर म्हणतो, त्यात काय, बाईच ती!

आता या सगळ्यावर नवा उपाय निघाला आहे तो ‘पुराव्या’चा. शेरा कोणाच्या मर्जीने नको, पुरावा दाखवा. वरवर ही गोष्ट न्यायाची वाटते. पण पुरावा म्हणजे काय, तर फोटो! झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. पुस्तक उघडलं, फोटो. ते फोटो दुपारच्या आत व्हॉट्सॲपवर गेले पाहिजेत. फोटोत मुलगी पुस्तक धरून बसलेली दिसते. तिला ते वाचता येतं का, हे त्यात दिसत नाही. ज्या शाळेला रंग द्यायला गावात देणगीदार आहे त्या शाळेचा पुरावा देखणा असतो. जिथे भिल्ल वस्तीतली, ऊसतोडीला जाणारी मुलं आहेत तिथल्या बाईचं काम दुप्पट असूनही तिच्याजवळ दाखवायला काही नसतं. २०१५ पासून ‘शाळासिद्धी’ आली. शाळेने आपलं आपण मूल्यमापन करायचं, आपल्या उणिवा ओळखायच्या, ही कल्पना चांगलीच होती. पण २०१७ साली सरकारने शाळेची श्रेणी शिक्षकाच्या वेतनश्रेणीला जोडली. त्यानंतर आपल्या शाळेच्या उणिवा कोण खरेपणाने लिहील? ती अट पुढे काढून टाकावी लागली, पण तिने एक गोष्ट शिकवली. ज्या कागदावर पगार ठरतो त्या कागदावर माणूस खरं आत्मपरीक्षण करत नाही.

मग पुरावा नकोच का? मला तसं वाटत नाही. पुरावा हवाच, पण तो कोणता, हे आपण ठरवलं पाहिजे. आपल्याकडे याचं फार जुनं उदाहरण आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळांची सरकारने वाखाणणी केली. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात मेजर कँडीच्या हस्ते सत्कारही झाला. तो सत्कार आज किती जणींना आठवतो? पण त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला, तो आजही वाचला जातो. चौदा वर्षांची मुलगी धर्माला आणि पेशवाईला जाब विचारते! तिला शिकवणाऱ्यांच्या कामाचा याहून मोठा पुरावा कोणता? जिला तोंड उघडायची मुभा नव्हती तिने तोंड उघडलं, आणि ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरलं.

आमच्या वर्गात अहिराणी बोलणाऱ्या मुली येतात. पुस्तकातली मराठी त्यांना परकी असते. पहिले कितीतरी महिने त्या गप्प बसतात आणि विचारलं तर मान डोलावतात. त्यातली एखादी जेव्हा उभी राहून म्हणते, ‘माले समजनं नही, बाई,’ तेव्हा तो दिवस मी तारखेसह लिहून ठेवते. पाहणी करणाऱ्याला ते वाक्य म्हणजे बाईंचं अपयश वाटेल. मुलीला समजलं नाही ना! पण न समजल्याचं सांगायची तिला भीती वाटली नाही, आणि ते तिने स्वतःच्या भाषेत सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ काढून बघा. शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण, आणि मुलाला भीती न वाटता मोकळेपणी बोलता येईल असं वातावरण, हे त्यात लिहिलेलं आहे. मग त्या वाक्याची तारीख हा कायद्याने मागितलेलाच पुरावा नव्हे का?

दुसरं उदाहरण गैरहजेरीचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्गातली मुलींची बाजू रिकामी होऊ लागते. किलोवर मजुरी असते, घरात जितके हात तितकी मजुरी. ज्या मुली वेचायला जात नाहीत त्यांतल्या काही घरी धाकटं भावंड सांभाळतात, कारण आई वेचायला गेलेली असते. हजेरीपटावर या सगळ्यांपुढे एकच खूण पडते, गैरहजर. मी माझ्या साध्या वहीत त्या खुणेपुढे कारण लिहू लागले. एकच शब्द. वेचणी. भावंड. लग्न. पाळी. काही महिन्यांनी पानं उलटून बघितली तर जो शब्द वरचेवर होता, पण हंगामाशी ज्याचा संबंध नव्हता, तो होता ‘पाळी’. शाळेच्या संडासात पाणी नव्हतं. मुली महिन्यातले तीन-चार दिवस घरी राहत होत्या, आणि तेवढ्याने गणित सुटत होतं. मग ‘मुली गणितात कच्च्या’ असा शेरा ठरलेलाच!

ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवली. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा म्हणतो. त्या असतात, अंगठा किंवा सही करून घरी जातात. त्या दिवशी मात्र आया बोलल्या, कारण विषय त्यांचा होता. टाकी बसली, नळ आला. वेचणी काही थांबली नाही. ती शिक्षिकेच्या वहीने थांबणार नाही, त्याला मजुरीचे दर आणि शेतमालाचे भाव बदलावे लागतील. पण वेचणीहून परतलेल्या मुलींसाठी सकाळचा अर्धा तास वेगळा घेता आला, कारण कोणाचं काय सुटलं हे वहीत होतं.

हे सगळं एका कागदावर लिहून मी अहवालाला जोडायला गेले, तेव्हा ‘नमुन्यात नाही, जोडू नका’ असं मला सांगण्यात आलं. मी तो कागद वेगळा अर्ज म्हणून दिला, आवक नोंदवहीत नंबर टाकून घेतला आणि पोच ठेवली. मैत्रिणींनो, पोच घ्यायला शिका. तोंडी सांगितलेलं बाईचं काम वाऱ्यावर जातं.

गैरहजेरीच्या कारणापासून शाळाच बदलता येते, हे आपल्या आधीच्या दोघींनी दाखवून दिलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. एवढं लक्षात आल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, कुरणातच शाळा नेली. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ लिहिलं म्हणून ते काम आपल्याला कळलं. बालविधवा असलेल्या, खेड्यात शिक्षिका म्हणून राबलेल्या बाईने आपल्या कामाविषयी स्वतः लिहिलं, ही गोष्ट मला त्या कामाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता आत्मपरीक्षणाची अवघड बाजू. वही फक्त कौतुकाची असेल तर ती दुसरी फोटोंची फाईलच होईल. माझ्या एका मैत्रिणीने महिनाभर आपण कोणाला प्रश्न विचारतो त्याच्या रेघा मारून ठेवल्या. मुलग्यांच्या रेघा कितीतरी जास्त भरल्या. ती स्वतः समतेच्या शिबिरांना जाणारी! मुलगे हात वर करतात, ओरडतात, म्हणून नकळत त्यांनाच विचारलं जात होतं. तिने नावांच्या चिठ्ठ्या करून प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे खरं आत्मपरीक्षण. पण हीच गोष्ट तिने अहवालात लिहिली असती तर? ‘अध्यापनात मुलींकडे दुर्लक्ष, स्वतः मान्य.’ म्हणजे खरं लिहिणारी मार खाणार आणि उतरवून काढणारी ‘अत्युत्कृष्ट’ ठरणार.

एन.सी.ई.आर.टी.ने २०१३ साली प्राथमिक शिक्षकांसाठी स्वयंमूल्यमापनाचे जे निर्देशक काढले त्यात शिक्षकाने स्वतःला चार पायऱ्यांवर पारखायचं आहे. कल्पनेला माझा विरोध नाही. पण खालची पायरी लिहिणाऱ्याला मदत मिळेल की मेमो, याचं उत्तर आधी द्या. ते मिळेपर्यंत माझं म्हणणं असं की वह्या दोन असाव्यात. एक आपली, जिच्यात काय जमलं नाही तेही असेल, आणि ती कोणाला दाखवायची सक्ती नसेल. दुसरी तिच्यातून निवडून काढलेली, ऑफिसला द्यायची. यात लबाडी नाही. अनेक वर्षांच्या अविश्वासातून आलेली ती सावधगिरी आहे.

कोणी म्हणेल, आधीच बाईच्या डोक्यावर इतकी कामं, त्यात ही आणखी वही कशाला? पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या, सर्वेक्षणं आणि वर घरची दुसरी पाळी. आक्षेप खरा आहे. म्हणून वही पाच ओळींची असावी आणि ती शाळेच्या वेळेत लिहिली जावी. ज्या कायद्यात शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखावी आणि पालकांना सांगावं असं कर्तव्य लिहिलं आहे, त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरी बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असंही लिहिलं आहे. कर्तव्याचं कलम दाखवणाऱ्याला हे कलमही दाखवलं पाहिजे.

दुसरा आक्षेप बाहेरच्यांचा. मास्तरणींना पगार भरपूर, मग तपासणी झाली तर दुखतं कुठे? तपासणी व्हायलाच हवी. गरिबाच्या मुलीचं वर्ष वाया घालवणाऱ्या बाईला ती केवळ बाई आहे म्हणून मी पाठीशी घालणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तपासायचं कोणी आणि कशावरून? वर्षातून एकदा वीस मिनिटं वर्गात डोकावणाऱ्याला जेवढं कळतं, त्याहून जास्त त्या वर्गातल्या मुलीच्या आईला कळतं. तिला कोणी विचारत नाही.

कायदा काय सांगतो तेही माहीत करून घ्या. खाजगी शाळांसाठीच्या १९८१ च्या नियमावलीत असं आहे की प्रतिकूल शेरा मुदतीत लेखी कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक मानलं जाईल. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की शेरा वाईट असो वा चांगला, प्रत्येक नोंद सरकारी नोकराला कळवलीच पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच उचलून धरलं. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. तरी आपण आपला अहवाल मागत नाही, कारण मागणारी ‘भांडखोर’ ठरते. पण पाच जणींनी एकाच दिवशी अर्ज दिला तर पाची जणी भांडखोर ठरत नाहीत, ती मागणी ठरते.

म्हणून मी सुचवते ते असं. केंद्रातल्या शिक्षिकांनी महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तासभर बसावं आणि आपापल्या वह्या वाचाव्यात. जिला वाटेल तिने, जेवढं वाटेल तेवढं. शिक्षणसेवक मुलींना मुद्दाम बोलवावं. मार्चचा नमुना तिथे भरावा, दुसरीचा बघून नव्हे तर दुसरीशी बोलून, आणि प्रत्येक वाक्य ‘मी’ ने सुरू करावं. संघटनांनी मागणी करावी की नमुन्यातला ‘चारित्र्य’ हा शब्द जावा आणि त्या जागी आर्थिक व कामातली सचोटी असं स्पष्ट लिहिलं जावं. मुलींना शाळेत टिकवण्यासाठी काय केलं, याला स्वतंत्र रकाना असावा. ‘काय जमलं नाही आणि कोणती मदत हवी’ असाही एक रकाना असावा आणि त्यात लिहिलेलं प्रतिकूल धरलं जाणार नाही असं खाली छापलेलं असावं. समितीतल्या आयांचं म्हणणं अहवालाला जोडलं जावं.

यातली शेवटची मागणी आपल्यापैकी काही जणींना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. आयांनी आपल्याला तपासायचं? पण त्या आया पहाटे भाकरी थापून, वेचणीला जाण्याआधी मुलीची वेणी घालून तिला आपल्याकडे पाठवतात. साहेबांचा शेरा आपण निमूटपणे घेतो, मग त्यांचा घ्यायला काय हरकत आहे? येत्या पालकसभेत सही घेण्याआधी एकेकीला विचारून बघा, ‘तुमची पोरगी घरी शाळेबद्दल काय सांगते?’ आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख टाकून, लिहून घ्या.